पाणी चढायच्या आधी

आमच्या घरातली जुनी माणसं साल आकड्यांत सांगत नसत. ‘मोजणीदार आले त्या साली’, ‘पाणी चढलं त्या साली’, ‘हादरा बसला त्या साली’ अशा तीनच खुणा होत्या. लग्नं, बाळंतपणं, मरणं, सगळं त्यांच्या मागंपुढं लावलेलं असायचं. माझ्या वडिलांचा जन्म मोजणीदार आल्याच्या दुसऱ्या पावसातला. शाळेत नाव घालताना गुरुजींनी त्यावरून हिशेब करून एक तारीख ठोकून दिली आणि तीच पुढं आयुष्यभर चालली. जावळी आणि पाटण तालुक्यांत, कोयनेकाठच्या कुठल्याही जुन्या घरात बसलात तर काळ असाच मोजलेला सापडेल.

मी हे आजीकडून ऐकलं, आबांकडून, म्हणजे आजोबांकडून ऐकलं आणि आजीच्या धाकट्या बहिणीकडून थोडं वेगळं ऐकलं. तिला आम्ही धाकटी आजी म्हणायचो. धरणानं तिला थेट कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात नेऊन वसवलं. सरकारी प्रकल्पांच्या पर्यावरणीय अहवालांशी माझा कामानिमित्त संबंध आला तो पुष्कळ नंतर. असा अहवाल हातात आला की मी आजही आधी एकच गोष्ट शोधते: तिथल्या म्हाताऱ्या माणसांना कुणी काही विचारलंय का? बहुतेक वेळा विचारलेलं नसतं. हा लेख त्या न विचारण्याबद्दल आहे.

कोयनेच्या प्रकल्पाचा आरंभ 1954 सालचा. हेळवाकच्या जवळ नदी अडवून 103 मीटर उंचीची, आठशे मीटरहून लांब भिंत उभी राहिली. मागं शिवसागर जलाशय झाला. आज त्यात 105 टीएमसी पाणी मावतं. कोयना मूळची महाबळेश्वराहून निघून दक्षिणेला वाहत येणारी, मग पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळणारी नदी. सह्याद्रीच्या पोटातून बोगदे काढून तिचं पाणी पश्चिमेला वळवलं, पोफळीच्या भूमिगत वीजघरात उतरवलं आणि तिथून वाशिष्ठीत सोडलं. घाटमाथ्याचं पाणी कोकणात पडतं त्या उंचीतून वीज निघते. सगळे टप्पे धरून आज क्षमता सुमारे 1,960 मेगावॉटची आहे. पैसा सरकारचा, त्यात जागतिक बँकेचं कर्ज. मुंबई राज्याच्या काळात सुरू झालेलं काम महाराष्ट्राच्या पहिल्या वर्षांत पुरं झालं आणि नव्या राज्याचा तो मोठा अभिमान होता. आबांनाही होता. मसजिद बंदरात ओझी उचलताना ते सोबत्यांना सांगायचे, “ह्यो दिवा आमच्या नदीचा.” ते मनापासून सांगायचे. यशवंतराव मुख्यमंत्री, ते आपल्या मुलखातले, त्यांच्या हातून वाईट होणार नाही, हा विश्वास खोऱ्यात घरोघर होता. तो बाजूला ठेवून ही गोष्ट सांगता येणार नाही. शंभराच्या आसपास गावं बंदोबस्ताशिवाय उठली ती या विश्वासावर.

आता मोजणीदारांचं. आजी तेव्हा नवी नवरी. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या काठ्या, लोखंडी साखळी, तीन पायांवर ठेवलेली दुर्बीण घेऊन माणसं आली. देवळात उतरली. गावानं त्यांना तांदळाची भाकरी आणि दूध घातलं. डोंगराच्या कडेनं चुन्याच्या खुणा पडत गेल्या. ही खूण म्हणजे उद्याचं पाणी, हे गावाला कळायला बरेच दिवस गेले. मग दुसरी माणसं आली, वह्या घेऊन. घर किती खणांचं, भिंत मातीची की दगडाची, विहीर आहे का, आंबे किती, फणस किती, हिरडा स्वतःच्या रानात की सरकारी. आजी सांगायची, त्यांनी परड्यातल्या शेवग्याचीसुद्धा नोंद केली. माणसं कामाला चोख होती. 1894 च्या भूसंपादन कायद्यानं त्यांना जे मोजायला सांगितलं होतं ते त्यांनी प्रामाणिकपणे मोजलं: जमिनीची किंमत, झाडाची किंमत, घराची किंमत. सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून लागलेल्या उताराचे पैसे नावापुरते आले, असं आबा म्हणत. त्याच उतारावर कुमरी, म्हणजे फिरती शेती करून नाचणी-वरी पिकायची, गुरं चरायची, हिरड्याचे ढीग जमायचे आणि पावसाळ्यात खायच्या रानभाज्या तिथंच उगवायच्या.

आजीचं म्हणणं एवढंच असायचं, “त्यांनी समदं मोजलं, पन पानी कुठनं येतं आन् कुठं जातं ते कुनी इचारलं न्हाय.”

हे तिचं बोलणं मी लहानपणी तक्रार म्हणून ऐकायची. तिला त्यात काय सांगायचं होतं ते तपशिलात उतरल्याशिवाय कळत नाही. मृगाचा पहिला पाऊस झाला की ओढ्याला चढणीचे मासे लागत. नदीतून उलटे, प्रवाहाच्या विरुद्ध, खाचरापर्यंत चढत आणि तिथं अंडी घालून परतत. कुठल्या वळणावर कुठला मासा येतो हे बायकांना पाठ होतं, कारण ते दोन आठवडे घरात कालवण त्याचंच. अंडी भरलेली मादी सोडून द्यायची, ही रीत होती. पाणी चढलं तेव्हा ती खाचरं आणि ओढ्यांची खालची वळणं बुडाली. आजीच्या सांगण्यावरून पहिली काही वर्षं मासे जलाशयातून वरच्या ओढ्यांत शिरत राहिले, मग काही जाती दिसेनाशा झाल्या. तिनं त्यांची नावं घेतली तेव्हा मला त्यातली निम्मीसुद्धा ओळखता आली नाहीत. कोयना उभी राहताना त्यांची नावं कुठल्या कागदावर आली असतील असं मला वाटत नाही. तसा कागदच तेव्हा मागितला जात नव्हता.

पाणी चढलं 1961-62 पासून. लोकांनी घरं उतरवली, खांब, तुळया, दारं, जातं, उंबरा गाडीत घातलं. कुणी सांगली-सोलापूरकडं गेलं, कुणी कुलाबा-ठाण्याकडं. पुष्कळजण कुठंच गेले नाहीत. पाणी जसं वर आलं तसे तेही डोंगरावर सरकले. आमचं घर त्यांतलं. धाकट्या आजीचं सासर कुलाब्यात गेलं आणि दोघी बहिणींच्या मध्ये घाट, खाडी आणि एसटीचा दिवसभराचा प्रवास आला. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रानं 1976 मध्ये केला. देशात तो आपल्या प्रकारचा पहिला म्हणून त्याचं कौतुक होतं आणि ते रास्तही आहे. पण कोयनेची माणसं तोवर दीड दशक उघड्यावर संसार मांडून होती. जमिनीसाठी, सुविधांसाठी त्यांच्या नातवंडांना अगदी अलीकडे, 2018 मध्येही, कोयनानगरला ठिय्या द्यावा लागला.

आता हादऱ्याची गोष्ट, कारण आमच्याकडच्या सांगण्यात सगळ्यात जास्त वेळ तिला लागतो.

पाणी भरायला लागलं तसे जमिनीतून आवाज येऊ लागले. पहिल्यांदा लोकांना वाटलं, बोगद्यात सुरुंग उडतायत. काम चालूच होतं, सुरुंग रोजचेच होते. पण सुट्टीच्या दिवशीही आवाज येई, रात्री येई. मांडणीवरची भांडी किणकिणत. गुरं दावं ताणून उभी राहत. आबांचे थोरले भाऊ सांगायचे की सुरुंगाचा बार कानाला येतो आणि हा बार तळव्याला येतो. कोयनानगरजवळ जाणवणाऱ्या या धक्क्यांसोबत सुरुंगासारखा आवाज होत असे, ही गोष्ट भूकंपशास्त्राच्या लेखांतही नोंदलेली आहे. म्हणजे शास्त्रज्ञांची यंत्रं आणि थोरल्या आजोबांचे तळवे एकच सांगत होते. 1967 च्या सप्टेंबरात त्यातला एक धक्का चांगला मोठा होता. त्यावेळी घरांच्या भिंतींना तडे गेले.

मग 11 डिसेंबर 1967. मार्गशीर्षातली थंडी, चंद्र मावळून गेलेला, पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं. आजी जात्यावर बसायला नुकती उठली होती म्हणून वाचली, असं ती म्हणे, कारण अंथरुणावर आडवी असती तर वरची तुळई तिच्यावर आली असती. बाहेर पडली तर अंगणात उभं राहता येईना. समोरच्या डोंगरावरून दगड घरंगळल्याचा आवाज येत होता आणि धुळीनं काही दिसत नव्हतं. त्याच वेळी मुंबईत, गाळ्यातल्या बाकीच्या माणसांबरोबर झोपलेल्या आबांना कुणीतरी हलवून उठवल्यासारखं झालं आणि दिवे गेले. त्यांनी पुढं कितीदा तरी सांगितलं की दिवे गेले तेव्हाच काळजात धस्स झालं, कारण दिवे कुठून येतात ते त्यांना माहीत होतं. कोयनानगर जवळजवळ सगळं कोसळलं. सुमारे 180 माणसं गेली, हजारो जखमी झाली. धरणाच्या भिंतीत वरच्या भागात तडे गेले, पण भिंत उभी राहिली. नंतर ती आधार देऊन बळकट केली गेली. ती उभी राहिली म्हणून कराड राहिलं, सांगली राहिली, हे बांधणाऱ्यांचं श्रेय नाकारण्याचं काही कारण नाही.

हे कुणाला आधी कळलं असतं का? दख्खनचं पठार म्हणजे स्थिर भूमी, तिथं मोठा भूकंप होत नाही, हा त्या काळचा सर्वमान्य समज होता. तरीही जलाशय आणि भूकंप यांचा संबंध अगदीच अज्ञात नव्हता. अमेरिकेत हूवर धरणामागच्या लेक मीड जलाशयाभोवती बसलेल्या धक्क्यांवरचा अभ्यास 1945 मध्येच छापून आला होता. कोयनेचं काम त्यानंतर नऊ वर्षांनी सुरू झालं. ‘या जागी एवढं पाणी साठवलं तर खालच्या खडकाचं काय होईल’ असा प्रश्न कुणी लेखी विचारायचाच, अशी सक्ती असती तर कदाचित तो अभ्यास कुणीतरी शोधून वाचला असता. धरण थांबलं असतं असं मी म्हणत नाही. पण कोयनानगरची वसाहत निराळ्या रीतीनं बांधता आली असती. खोऱ्यातल्या मातीच्या भिंती आणि जड तुळया घेऊन झोपलेल्या माणसांना काहीतरी सांगता आलं असतं. आज कोयना हे जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आहे. डॉ. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जलाशयाच्या चढउताराशी धक्क्यांचा मेळ अनेक दशकं तपासला. 1985 पासून शेजारच्या वारणेचं धरण भरू लागलं आणि नंतर धक्के दक्षिणेकडं पसरले. कराडला आता यासाठी खास संशोधन केंद्र आहे आणि खोऱ्यात खडकात तीन किलोमीटर खोल विंधन घेतलेलं आहे. हे काम मोलाचं आहे. आम्ही मात्र त्या अभ्यासाच्या आधी होऊन गेलेले.

कायदा आला तो हळूहळू. अमेरिकेनं 1969 मध्ये असा कायदा केला की सरकारनं हाती घेतलेल्या मोठ्या कामाचा परिसरावर काय परिणाम होईल हे काम सुरू करण्याआधी लिहून काढायचं. 1972 मध्ये स्टॉकहोमची परिषद झाली. आपल्याकडे 1976-77 मध्ये नियोजन आयोगानं नदीखोऱ्यांतले प्रकल्प पर्यावरणाच्या बाजूनं तपासायला सांगितले. म्हणजे पहिली तपासणी धरणांचीच सुरू झाली आणि धरणं सरकारचीच होती. 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा, त्याखाली 27 जानेवारी 1994 ची अधिसूचना, 1997 मध्ये जनसुनावणीची सक्ती, मग 14 सप्टेंबर 2006 ची नवी अधिसूचना. आजही काम तिच्यावर चालतं.

मधल्या काळात नर्मदेवर सरदार सरोवर झालं. त्याला 1987 मध्ये पर्यावरणाची मंजुरी मिळाली ती अशी की अभ्यास बांधकामाच्या बरोबरीनं चालू राहतील. भिंत वाढत गेली आणि अभ्यास मागं पडत गेले. जागतिक बँकेनं नेमलेल्या मोर्स समितीनं 1992 मध्ये हे स्पष्ट लिहिलं आणि पुढच्या वर्षी बँकेचं उरलेलं कर्ज थांबलं. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या, आताच्या नंदुरबारमधल्या मणिबेलीपासून अक्राणीपर्यंत तेहतीस गावांवर ते पाणी आलं. कोयनेत प्रश्न विचारलाच नव्हता. नर्मदेत प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट पाहिली नाही. बुडणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर दोन्हींत फरक फार थोडा उरतो.

सध्याची रीत कागदावर चांगली आहे, हे मी मुद्दाम सांगते. प्रकल्प कुठल्या गटात बसतो ते ठरतं, अभ्यासाचे मुद्दे ठरतात, मसुदा अहवाल होतो, किमान तीस दिवसांची नोटीस देऊन प्रकल्पाच्या जागी किंवा जवळ जनसुनावणी होते, स्थानिक भाषेत सारांश द्यावा लागतो, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अधिकारी अध्यक्ष असतो, सगळ्याचं चित्रण होतं आणि शेवटी कार्यवृत्त लोकांच्या भाषेत वाचून दाखवावं लागतं. आबांच्या पिढीला यातलं काही मिळालं असतं तर त्यांनी त्याला देवाची कृपा म्हटलं असतं.

पण दोन गोष्टी मला खुपतात. पहिली ही की अहवाल करणाऱ्या संस्थेचे पैसे प्रकल्प करणाराच देतो. प्रकल्प सरकारी असेल तर करणारं सरकार, पैसा सरकारचा, सुनावणी घेणारं सरकार आणि मंजुरी देणारंही सरकार. प्रत्येक टेबलावरचा माणूस प्रामाणिक असला तरी या साखळीत ‘नको’ म्हणण्याची जागा कुणाकडं आहे? दुसरी गोष्ट ऋतूची. पुष्कळ प्रकल्पांच्या अहवालाला पावसाळा सोडून एका ऋतूची आकडेवारी पुरते. नमुने डिसेंबर ते फेब्रुवारीत घेतले जातात किंवा मार्च ते मे. कोयनानगरला वर्षाला सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. सह्याद्रीचा अभ्यास पावसाळा सोडून करायचा म्हणजे डोंगर जेव्हा काही करतो तेव्हा पाहायचंच नाही.

एका जनसुनावणीला मी हजर होते. घाटाच्या पायथ्याला मांडव घातलेला, पुढं खुर्च्यांच्या रांगा, कोपऱ्यात व्हिडिओवाला. प्रकल्प सरकारी पैशातला. सल्लागाराच्या माणसानं पडद्यावर एकेक पान दाखवत वाचलं, त्यात एक वाक्य होतं की प्रकल्पक्षेत्रात बारमाही जलस्रोत आढळला नाही. मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ उठले. डोक्याला पटका, हातात काठी. त्यांनी माइक घेतला नाही. “सायेब, ह्या माळाच्या पोटाला तीन झिरे हायती. मधला होळीला आटतो. वरचा चैतात. खालचा मातूर कधीच आटला न्हाय, बहात्तरच्या दुष्काळातबी न्हाय. समद्या वाडीची गुरं त्येच्यावर जगली. त्येच्या वर तुम्ही खणला तर पानी खाली फुटंल आन् आमची घरं त्येच्याखाली हायती.” मांडव शांत ऐकत होता. अध्यक्षांनी ‘नोंद घ्या’ म्हटलं. काही महिन्यांनी अंतिम अहवाल पाहिला. त्या बोलण्याच्या जागी तक्त्यात एक ओळ होती: ‘मुद्दा: पाणी. उत्तर: योग्य ती उपाययोजना करण्यात येईल.’ कुठला झिरा कधी आटतो, दुष्काळात काय झालं, घरं कुठं आहेत, यातलं काहीच नव्हतं. जलशास्त्राच्या तज्ज्ञाला जी माहिती गोळा करायला काही वर्षं लागली असती ती एका माणसानं दोन मिनिटांत फुकट दिली होती. ती ठेवायला त्या तक्त्यात रकानाच नव्हता.

याचा मला मनापासून राग येतो. 22-23 जुलै 2021 च्या रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आला तेव्हाही मला पहिल्यांदा तो पटकेवाला म्हातारा आठवला. त्या दरडींचं कारण अतोनात पाऊस होता आणि प्रत्येक दरडीमागं प्रकल्प शोधू नये हे मला मान्य आहे. पण कुठला उतार पाझरतो, कुठला फुगतो, कुठं पूर्वी माती सरकली होती, हे ज्यांना माहीत असतं त्यांना विचारून नकाशावर मांडायचं काम आपण करत नाही, हे तितकंच खरं आहे.

2020 मध्ये नव्या अधिसूचनेचा मसुदा आला. त्यात जनसुनावणीच्या नोटिशीचे तीस दिवस वीसवर आणायचं सुचवलं होतं आणि मसुदा होता फक्त इंग्रजी-हिंदीत. आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये तो भाषांतरित करा, असं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. माझ्या आत्यानं तेव्हा फोनवर विचारलं होतं, “आमच्याबद्दलच लिवलंय ना? मग आमच्या बोलीत का न्हाय?” मला तिला सांगता येण्यासारखं उत्तर नव्हतं.

पाण्यानं वर ढकललेली आमची माणसं डोंगरावर रुळली, तोवर 1985 मध्ये कोयना अभयारण्य झालं आणि 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. रान राखलं गेलं ही चांगली गोष्ट झाली. 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या ज्या जागा जागतिक वारशात गेल्या त्यांत कोयना आहे, कास आहे. पण धरणानं उठवलेल्यांपैकी काहींना दुसऱ्यांदा उठावं लागलं, आणि या वेळीही हिशेब घरांचा आणि जमिनीचाच झाला. रानात काय कुठं आहे हे सांगू शकणारी माणसंच रानातून बाहेर गेली. आजीनं शेवटपर्यंत डोंगर सोडला नाही. धाकटी आजी मात्र रायगडातच गेली.

आता त्याच खोऱ्यात ‘नवीन महाबळेश्वर’ येऊ घातलंय. सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतल्या 235 गावांसाठी 2019 मध्ये विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं, नंतर आणखी गावं जोडली गेली. रस्ते, पूल, पर्यटन, रोजगार. पोरांना मुंबईला ओझी उचलायला जावं लागू नये, असं मलाही वाटतं. आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या गेल्या तेव्हा माझा चुलतभाऊ आणि आत्या वही घेऊन वाड्या-वस्त्या फिरले. वय झालेल्या माणसांना त्यांनी विचारलं आणि सांगतील तसं उतरवून घेतलं: कुठला झिरा कुठल्या महिन्यापर्यंत टिकतो, कुठल्या ओढ्याला अजून चढणीचे मासे लागतात, हादऱ्याच्या साली कुठल्या कड्याचे दगड सुटले होते, 2021 च्या पावसात कुठं भेगा पडल्या, गवे कुठून उतरतात, कुठल्या सड्यावर पावसाळ्यात गुरं असतात. महिने त्यांनी चैत्र-वैशाखच लिहिले. मी ते टाइप केलं, गावांच्या क्रमानं लावलं आणि शक्य तिथं नकाशावर खुणा केल्या. जोडपत्र मूळ हरकतीपेक्षा लांब झालं. सगळं वाचून दाखवल्यावर आत्या म्हणाली, एक राहिलं, ते खाली लिही: मोजायला यायचं तर आषाढात या.